उठून दिसण्याची घाई

बांद्र्याची मोत माउलीची जत्रा आटोपली आणि पाऊस जरा उघडला, की आमच्या सांडोरात संध्याकाळी एक ओळखीचा आवाज ऐकू येऊ लागतो. धप्, धप्, धप्! परगावच्या माणसाला वाटावे, कोणीतरी नारळ पाडतो आहे. पण गावातल्या कोणत्याही पोराला विचारा, मान न वळवता तो सांगेल, “व्हॉलीबॉल सुरू झाला!”

वसईच्या वाड्यांत हा खेळ कसा रुजला याचे कारण सोपे आहे. क्रिकेटला मोठे मैदान लागते, आणि केळी, पानवेली, भाजीपाला यांच्या मधून ते काढायचे कोठून? व्हॉलीबॉलला अठरा मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद एवढी जागा पुरते. दोन माडांना जाळी बांधावी, चुन्याच्या रेघा माराव्यात, आणि एक चेंडू बारा जणांत वापरावा. आमच्या गावातून आता पुष्कळ वाड्या गेल्या, इमारती आल्या. तरी तो आवाज अजून गेलेला नाही.

यंदा असाच तो आवाज ऐकत मी ओट्यावर बसलो होतो. माझी दहावीतली नात घामाघूम होऊन आली आणि पायरीवर बसली. थोडा वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, “आजोबा, शनिवारी शाळेच्या संघाची निवड आहे. आम्ही चाळीस जणी आहोत आणि घेणार बारा. तुम्ही इतकी वर्षं खेळलात. उठून कसं दिसायचं ते सांगा ना!”

“आणि तुझी मैत्रीण?” मी विचारले. शेजारच्या वाडीतली ती मुलगी आणि ही पहिलीपासून एकाच बाकावर बसतात.

नात खाली बघू लागली. “तीही आहे. दोघीही लिफ्टरच. बाई म्हणाल्या, लिफ्टर एकच हवी.”

मला तिच्या प्रश्नाचे उत्तर लगेच देता आले असते. पण ते उत्तर मी एकदा स्वतःवरच करून पाहिले होते. म्हणून म्हटले, आधी गोष्ट ऐक. तीच गोष्ट आज वाचकांपुढे ठेवतो.

१९७३ सालची लोकल

मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. वसई तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा व्हायला २०१४ साल उजाडावे लागले. जिल्ह्याच्या कुमार संघाची निवड ठाण्याला होती, आणि सांडोरातून आम्ही दोघे निघालो होतो. मी आणि माझा मावसभाऊ.

आमची जोडी तालुक्यात बऱ्यापैकी ठाऊक झालेली होती. तो चेंडू उचलून द्यायचा आणि मी मारायचा. तीन वर्षे रोज संध्याकाळी त्याने माझ्यासाठी चेंडू उचलला. मला चेंडू जाळीपासून हातभर लांब आणि थोडा उंच लागे. तो तसाच देई. मी थकलो असेन तर आणखी थोडा उंच देई, म्हणजे मला धावायला क्षणभर अधिक मिळे. मी मारलेला चेंडू कधीकधी मैदानाला लागून असलेल्या बावखलात जाऊन पडे. चामड्याचा चेंडू तो. भिजला की दगडासारखा जड व्हायचा. वास्तविक मारणाऱ्याने तो काढून आणायचा अशी रीत. पण पुष्कळदा मावसभाऊच पाण्यात उतरे. मला त्यात काही विशेष वाटत नसे. टाळ्या मला पडत आणि चिखल त्याला लागे, असा सरळ हिशेब होता!

पहाटेच्या लोकलमध्ये भाजीच्या टोपल्यांच्या मधून जागा काढून आम्ही दादरला गेलो, तेथून गाडी बदलून ठाण्याला. डब्यात मी मनाशी एकच गणित मांडीत होतो. मुले साठ येतील. प्रत्येकाला मैदानावर पंधरा मिनिटे मिळतील. एवढ्या वेळात माझ्याकडे लक्ष गेले नाही तर संपले!

ठाण्याला आमच्या पाठीवर टाचणीने कागदी आकडे लावले आणि सहा सहा जणांचे गट पाडले. सुदैवाने आम्ही दोघे एकाच गटात आलो. सुरुवात मी चांगली केली. दोन चेंडू सणसणीत मारले. निवड समितीच्या टेबलाकडे हळूच पाहिले. एक गृहस्थ वहीत काही लिहीत होते. ते माझेच असणार याविषयी मला शंका वाटली नाही!

मग तो चेंडू आला. पलीकडून आलेला, जाळीला घासून उडालेला आणि आमच्या दोघांच्या मध्ये खाली येणारा. तो मावसभावाचा होता. त्याने नेहमीप्रमाणे मोठ्याने आरोळी दिली, “माझा!” मी ती आरोळी स्पष्ट ऐकली, आणि तरीही धावलो. उडी मारली, चेंडू पलीकडे मारला, खाली येताना कशावर तरी आदळलो. चेंडू पलीकडच्या रेघेच्या आत पडला होता. गुण मिळाला. मी दोन्ही हात वर केले आणि टेबलाकडे पाहिले.

टेबलाजवळचे गृहस्थ माझ्याकडे पाहत नव्हते. ते माझ्या मागे पाहत होते. मावसभाऊ जमिनीवर बसला होता आणि त्याचा घोटा त्याने दोन्ही हातांत धरला होता.

यादीत दोघांचीही नावे नव्हती. त्याला तर पुढे खेळताच आले नाही. माझ्याबद्दल मात्र मला राहवेना. मी त्या गृहस्थांना जाऊन विचारले, “साहेब, माझं काय चुकलं? मी तर गुण मिळवला.” त्यांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाले, “तू उडतोस छान. पण तुझ्या शेजारी उभं राहायला कोण तयार होईल, बाळ?”

परत येताना दादरचा जिना मावसभाऊ माझ्या खांद्यावर हात टाकून एकेक पायरी चढला. गाडीत तो बोलला नाही. वसई रोड आले, आम्ही उतरायला उठलो, तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला. “मी ‘माझा’ म्हटलं, ते ऐकलं होतंस ना?”

मी म्हटले, “नाही रे. आवाज फार होता.”

तीन स्पर्श आणि तीन माणसे

हे सारे ऐकून नात गप्प झाली. मग मी तिला खेळाचीच गोष्ट सांगू लागलो, कारण या खेळाची घडण समजल्याशिवाय निवडीचे मर्म कळत नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील होलिओक गावी विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकाने १८९५ साली हा खेळ काढला. बास्केटबॉलची धक्काबुक्की ज्यांना झेपत नाही अशा जरा वयस्क मंडळींसाठी तो होता. त्याचे पहिले नाव ‘मिंटोनेट’. त्या वेळी एका बाजूला कितीही माणसे चालत आणि चेंडूला कितीही वेळा हात लावला तरी चाले. पुढे फिलिपाईन्समधील खेळाडूंनी एकाने चेंडू उंच उचलायचा आणि दुसऱ्याने तो वरून मारायचा ही युक्ती रूढ केली. मग गडी सहा ठरले, स्पर्श तीन ठरले, आणि आजचा व्हॉलीबॉल तयार झाला.

आता गणित पाहा. चेंडू आपल्या बाजूला आला की जास्तीत जास्त तीन स्पर्श. जाळीवर अडवतानाचा स्पर्श त्यात धरत नाहीत. म्हणजे गडी सहा असले तरी प्रत्येक वेळी निदान तिघांच्या वाट्याला त्या तीन स्पर्शांतला एकही येत नाही. शिवाय एकाच गड्याला लागोपाठ दोनदा चेंडूला हात लावता येत नाही. फुटबॉलमध्ये एखादा पठ्ठ्या चेंडू घेऊन एकटा गोलापर्यंत जाऊ शकतो. कबड्डीत चढाई करणारा एकटा जाऊन गुण आणतो. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू धरून ठेवण्याची सोयच नाही. आला की दुसऱ्याला द्या! आणि सर्व्हिस आपल्याकडे आली की सहाही जणांनी घड्याळाच्या काट्याप्रमाणे एक जागा पुढे सरकायचे. जाळीजवळ ऐटीत उडणाऱ्यालाही फिरत फिरत मागे जाऊन चेंडू झेलावाच लागतो.

आपल्या खेड्यापाड्यांत ‘शूटिंग’ नावाचा व्हॉलीबॉल पुष्कळ लोकप्रिय होता आणि आहे. त्यात आलेला चेंडू मुठीने जोरात सरळ पलीकडे लावायचा, हीच मर्दुमकी. ती मजा निराळी. पण शूटिंगची सवय लागलेला गडी सहा जणांच्या व्हॉलीबॉलमध्ये आला, की शेजाऱ्याकडे चेंडू द्यायला त्याचा हात धजत नाही. मी तसाच होतो.

टेबलाच्या पलीकडून

पुढे नोकरी सांभाळून मी गावोगावच्या निवड चाचण्यांना मदतनीस म्हणून बसू लागलो. जे टेबल मी सतराव्या वर्षी चोरून पाहत होतो, त्याच्या पलीकडे बसल्यावर मला काय दिसले, ते नातीला सांगितले. ज्यांच्या घरी असा निवडीचा दिवस येणार असेल त्यांच्याही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, जोरात मारणारे दहा मिनिटांत सापडतात. त्यांना शोधावे लागत नाही. शोधावा लागतो तो पलीकडची सर्व्हिस नीट घेणारा. त्यासाठी एक साधी पद्धत आहे. लिफ्टरला जागेवरून हलावे न लागता चेंडू मिळाला तर तीन गुण. दोन पावले टाकावी लागली तर दोन. कसाबसा उचलता आला तर एक. आणि वाया गेला तर शून्य. पंधरा-वीस चेंडूंनंतर बेरीज करावी. पुष्कळदा बाहेरून टाळ्या ज्याला पडत असतात त्याची बेरीज कमी निघते, आणि ज्याचे नाव कोणालाच माहीत नाही त्याची जास्त.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. “माझा!”, “तुझा!”, “बाहेर, सोड!” हे शब्द वेळेवर उच्चारणारा गडी लांबूनही ओळखू येतो. लाजाळू मुले खेळायला चांगली असूनही येथेच मागे पडतात. बोलणे म्हणजे बढाई नव्हे. शेजाऱ्याचा घोटा वाचवणे होय. आणि आरोळी ऐकल्यावर थांबणे हा त्याचा उरलेला अर्धा भाग.

तिसरी गोष्ट, ज्यांच्या हाती चेंडू नाही त्यांच्याकडे पाहावे. आपला गडी मारायला उडाला, की बाकीच्यांनी त्याच्या भोवती वाकून उभे राहायचे असते. पलीकडच्यांनी अडवलेला चेंडू परत आपल्याच अंगावर आला तर तो उचलण्यासाठी. दहांपैकी बऱ्याच वेळा तो परत येतच नाही, म्हणजे वाकणे फुकट जाते. तरी दर वेळी जो वाकतो, त्याचे नाव मी वहीत लिहून ठेवीत असे.

चौथी गोष्ट चुकीनंतरची. चूक सगळ्यांची होते. चेंडू जाळीत गेला की एकजण शेजाऱ्याकडे डोळे वटारतो, दुसरा आपल्या हाताकडे असा पाहतो की जणू तो हात दुसऱ्या कोणाचा आहे! तिसरा मात्र “माझं चुकलं, पुढचा घेऊ” म्हणून जागेवर जातो. चाचणी पंधरा मिनिटांची असते. संघ मात्र चार महिने एकत्र राहणार असतो. डोळे वटारणाऱ्याबरोबर चार महिने काढायचे कोणी?

पाचवी गोष्ट किरकोळ वाटेल. पाणी प्यायला सुटी झाली की चेंडू कोण गोळा करतो, बाहेर बसलेल्या मुलाला कोण आत बोलावतो, हे टेबलावरून दिसते. मात्र कोणी पाहते आहे म्हणून चेंडू गोळा करणाराही टेबलावरून ओळखू येतो, हे मुलांनी विसरू नये!

वेगळ्या रंगाचा सदरा

“म्हणजे उठून दिसायचंच नाही का?” नातीने विचारले. प्रश्न रास्त होता.

मी तिला जपानच्या मुलींची हकिकत सांगितली. १९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा आला. जपानच्या त्या महिला संघातील बहुतेक मुली कापडाच्या गिरणीत काम करणाऱ्या होत्या. दिवसा काम आणि नंतर रात्री उशिरापर्यंत सराव. त्यांचे प्रशिक्षक दाइमात्सु यांची शिस्त फार कठोर. आज तशी कोणी लावू म्हटले तर आपणच हरकत घेऊ, आणि ते योग्यच. पण त्या मुलींची एक करामत जगभर गाजली. चेंडूवर झेप घेऊन पडायचे, तसेच कोलांटी घेऊन उठायचे आणि पुढच्या चेंडूसाठी पुन्हा आपल्या जागेवर हजर! अंतिम सामन्यात त्यांनी सोव्हिएत संघाला तीन-शून्य हरवून सुवर्णपदक घेतले. जगाने त्यांना लक्षात ठेवले ते झेप घेऊन पुन्हा जागेवर येण्यासाठी.

आपल्याकडचे उदाहरणही आहे. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई खेळांत भारताने रौप्यपदक मिळवले होते, आणि १९८६ साली सोलला कांस्यपदक. त्या १९८६ च्या संघात केरळचा जिमी जॉर्ज होता. उडी मारली की तो हवेत क्षणभर थांबतो, असे पाहणारे म्हणत. इटलीत जाऊन तो व्यावसायिक संघांतून खेळला, आणि तेथेच १९८७ साली मोटार अपघातात गेला. वय अवघे बत्तीस. त्याच्याइतका उठून दिसणारा गडी आपल्याकडे क्वचितच झाला असेल. पण तो वाढला आठ भावांच्या घरात, आणि आठही भाऊ व्हॉलीबॉल खेळणारे! ज्याला घरच्या अंगणात सात जणांबरोबर एक चेंडू वाटून घ्यावा लागला, त्याला उडी आणि वाटणी यांत भांडण दिसले नसावे.

आणि १९९८ पासून तर नियमांनीच एक नवा गडी आणला. त्याला ‘लिबेरो’ म्हणतात. त्याचा सदरा बाकीच्यांहून वेगळ्या रंगाचा, त्यामुळे प्रेक्षकांना तोच प्रथम दिसतो. पण त्याला जाळीवर चेंडू अडवता येत नाही, जाळीच्या उंचीवरून मारता येत नाही. त्याने मागे राहून पडणारे चेंडू उचलायचे, आणि मारण्याचे काम दुसऱ्याने करायचे. माझ्या तरुणपणी असा गडी असता तर आमच्या मावसभावाला तो सदरा शोभून दिसला असता.

शनिवारचा निकाल

शनिवारी मी मुद्दाम मैदानावर गेलो नाही. आजोबा कुंपणाशी उभे असले की मुलींना दोन टेबलांपुढे परीक्षा दिल्यासारखे होते.

संध्याकाळी नात आली ती सरळ आत गेली. चेहरा पाहूनच मी ओळखले. बारा जणींत तिचे नाव नव्हते. पुढे दोन राखीव मुलींची नावे होती. त्यांत पहिले हिचे. लिफ्टर म्हणून मैत्रिणीची निवड झाली होती.

रात्री जेवताना तिने सगळे सांगितले. शेवटच्या डावात दोघींना एकाच बाजूला खेळवले. एक चेंडू दोघींच्या मध्ये आला. हिचा हात पोचत होता. पण मैत्रीण त्याच्या खाली अधिक नीट उभी होती. “मी ‘तुझा!’ म्हणून ओरडले, आजोबा. तिने तो इतका सुंदर उचलला!” आणि मग तिला रडू आवरेना. “मीच घेतला असता तर?”

वाचकहो, अशा वेळी पुस्तकी माणूस म्हणेल की चांगुलपणाचे फळ मिळतेच. मला तसे म्हणवले नाही. चांगला जोडीदार झाला म्हणजे निवड होतेच असे मी कधी पाहिलेले नाही. बारा जागांत चाळीसजणी बसत नाहीत, आणि उरलेल्या अठ्ठावीस काही वाईट नसतात. मी तिला एवढेच म्हटले, “कदाचित तुझी निवड झाली असती. कदाचित नसती. पण सोमवारी शाळेत तुला तिच्याच बाकावर बसायचंय, आणि ते तुला जमेल.”

तिने डोळे पुसले आणि एकाएकी विचारले, “आजोबा, त्या आजोबांना तुम्ही खरं सांगितलंत का कधी?”

मी उत्तर दिले नाही. पन्नास वर्षे उलटून गेली होती. मावसभावाचा घोटा चार-सहा महिन्यांत बरा झाला, तो पुन्हा गावात खेळला, आणि आश्चर्य म्हणजे पुढची कित्येक वर्षे त्याने माझ्यासाठीच चेंडू उचलला. जिल्ह्याच्या निवडीला मात्र तो पुन्हा गेला नाही. एकमेकांच्या मुलांच्या लग्नांत आम्ही नाचलो, एकमेकांच्या दुखण्यात धावून गेलो. पण वसई रोडच्या फलाटावरचा तो प्रश्न पुन्हा कधी निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्सा संपल्यावर मी त्याच्याबरोबर त्याच्या वाडीपर्यंत चालत गेलो. केळीची पाने उन्हात हलत होती. मी म्हटले, “त्या दिवशी ठाण्याला तू ‘माझा’ म्हणालास, ते मी ऐकलं होतं.”

तो थांबला. खाली पडलेले एक वाळके पान उचलून त्याने कडेला टाकले. “ते मला तेव्हाच माहीत होतं,” तो म्हणाला. “माझा आवाज सगळ्या ठाण्याला ऐकू गेला होता, तुला कसा जाणार नाही?”

“मग तू पुन्हा माझ्याबरोबर खेळलास कसा?”

“न खेळून करतो काय? गावात मारणारा तू एकटाच होतास!” आणि तो हसला. मग थोडे थांबून म्हणाला, “पण सांगितलंस ते बरं केलंस. उशीर फार केलास.”

सोमवारी संध्याकाळी पुन्हा धप्, धप् असा आवाज येऊ लागला. ओट्यावरून मान उंच करून पाहिले. नातीची मैत्रीण जाळीजवळ उभी होती आणि आमची नात एकामागून एक चेंडू तिच्याकडे टाकीत होती. एक चेंडू मैत्रिणीच्या हातून निसटून कुंपणाबाहेर गेला. दोघीही एकदम धावल्या, आणि कोणी आणायचा यावर त्यांचे बराच वेळ भांडण चालले होते.